फुटपाथवर बंगल्याचा बगीचा आणि आई रस्त्यावर, मग चूक आईची कशी?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमची आई नागपुरात जयताळ्याहून त्रिमूर्तीनगरला चार घरची धुणीभांडी करायला पायी जाते, तीन आठवड्यांपूर्वी सकाळी सातला मागून कारने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, रॉड टाकला. आता कारवाले वीस हजार आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असं टाइप करून घरी आलेत, आणि वरून ऐकवतात की बाई फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होती.

सही करू नका. आईचा अंगठाही देऊ नका.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. फुटपाथ आहे, पण त्यावर लोखंडी जाळी ठोकून जास्वंदीच्या कुंड्या, मग गेटचा रॅम्प, मग कव्हर घातलेल्या दोन गाड्या. माणसाने चालायचं कुठून? हातगाडीवाला दिसला की आपल्याला लगेच अतिक्रमण आठवतं, बंगल्याच्या जाळीला मात्र कोणी काही म्हणत नाही, याचा मला खरंच राग येतो. मोकळा फुटपाथ हा पायी चालणाऱ्याचा हक्क आहे, जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलंय. विमा कंपनी 'तिचीही चूक होती' म्हणून भरपाईतून काही टक्के कापायला बघणारच, तिथे हाच फोटो कामाचा. उद्याच तारीख आणि जागा दिसेल असे आणखी फोटो काढा, जाळी हलायच्या आत.

एफआयआर अजून नाही म्हणता, तर आधी तो. बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम २८१ आणि १२५. उशीर का झाला ते तक्रारीतच लिहा, आई ॲडमिट होती हे कारण पुरेसं आहे. मेडिकलमध्ये एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद, झाली असेल, तिचा नंबर घ्या. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. पोलीस तक्रार घेत नसतील तर डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, लेखी द्या.

भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघातापासून ६ महिन्यांच्या आत टाका. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते घेतले की १६६ चा दावा संपतो, आणि आईला उकिडवं बसून भांडी घासता येणार नसेल तर नुकसान त्याहून बरंच मोठं आहे, म्हणून घाई नको. पाय किती कामातून गेला याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागेल. आणि गाडीचा विमा चालू असेल तर पैसे विमा कंपनी देते, त्यामुळे 'आमचं घर बुडवता का' हे ऐकून विरघळू नका.

पगाराची स्लिप नाही म्हणून घाबरलात, पण घरकाम हे कामच आहे. ज्या ताई फोनपेवर पैसे टाकायच्या त्यांची हिस्ट्री काढा, घरेलू कामगार म्हणून नोंदणी असेल तर ते कार्ड शोधा. कारवाले त्याच गल्लीतले, साक्ष मागितली तर उरलेली कामंही जातील ही तुमची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. चारही घरी जाऊ नका, एकच घर पुरे. त्यांना सांगा की कोणाविरुद्ध बोलायचं नाही, फक्त आई इतकी वर्षं येते आणि इतके पैसे देतो एवढंच सांगायचंय.

वकिलाचे पैसे नाहीत, तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि हो, तो स्टॅम्पपेपर तुमच्याकडेच ठेवून गेलेत ना, परत द्यायच्या आधी त्याचे नीट फोटो काढा. गाडीचा नंबर आणि अपघाताची तारीख त्यांनी स्वतःच टाइप केलीय त्यात.