बाहेरचं एअर इनटेक घेताना काय बघायचं?

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला आफ्टरमार्केट (कंपनीचं नसलेलं) इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप, लावायचंय. उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर घेऊ की बंद डब्याचा? पिकअप खरंच वाढतो का?

उत्तर : आवाज नक्की वाढतो, पिकअपचं मात्र तसं नाही, कारण इंजिन बाकी कंपनीचंच असेल तर फरक थोडाच पडतो आणि तोही वरच्या आरपीएमला. उघडा कोन दिसतो भारी, पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि हवा साधारण ३ अंशांनी तापली की तिची घनता जवळपास १ टक्क्याने उतरते, म्हणजे ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की कमावलेलं सगळं गेलंच समजा. म्हणून मी तरी बंद डब्याचाच घ्या म्हणेन, बाहेरून थंड हवा घेणारा. फक्त त्याचं तोंड फार खाली नको, साचलेलं पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड (इंजिनातल्या पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि ते बघवत नाही हो.

दुसरं म्हणजे एमएएफ सेन्सर, इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा. तो जिथे बसतो तिथला पाइप मूळ व्यासाचाच हवा, नाहीतर हवेचं माप चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तेल लावून वापरायचा कॉटनचा एअर फिल्टर धुतल्यावर तेल जास्त झालं की त्याच सेन्सरच्या बारीक तारेवर चिकटतं, तेव्हा हात आखडता ठेवा. बसवल्यावर महिनाभराने फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा पाइप काढून आत पांढरं फडकं फिरवा, धूळ आली तर क्लॅम्प सैल आहे नाहीतर फिल्टर भिकार आहे.