थरच्या वाळवंटातून खग्रास चंद्रग्रहण टिपताना

३१ डिसेंबर २०२८ चं खग्रास ग्रहण जैसलमेरजवळून टिपायचंय, ४०० एमएम लेन्स पुरेल का, असं तुम्ही विचारलंत. पुरेल. पण तेवढ्यासाठी वाळवंटात जायची गरज नाही. नुसता तांबडा चंद्र पुण्यातल्या गच्चीवरूनही मिळतो. वाळवंटात जायचं ते चंद्र मंदावल्यावर त्याच्याभोवती परत उमटणाऱ्या ताऱ्यांसाठी.

३१ जानेवारी २०१८ ला आम्ही तिथे होतो. चंद्र ग्रासलेलाच उगवला. संधिप्रकाशात तो सापडेपर्यंतच बराच वेळ गेला, आणि आकाश पुरतं काळोखं होईतो खग्रास अवस्था संपलीही. त्या रात्रीची हळहळ अजून आहे. २०२८ ला मात्र खग्रास काळ साधारण पावणेदहा ते अकरा, भर अंधारात. चंद्र मिथुन राशीत, पूर्वेकडे बराच वर चढलेला, मृगनक्षत्र आणि व्याध जवळच. एवढ्या उंचीवर टेकडी आणि चंद्र टेलिफोटोत (४०० एमएमसारख्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये) एकत्र येणार नाहीत, म्हणून एक कॅमेरा २४ एमएमवर उभा लावाच. एफ/२.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता), ८ सेकंदांपासून सुरुवात करा. त्यात चंद्राचा रंग उडाला, तर त्याच चौकटीचा २ सेकंदांचा एक फोटो वेगळा घ्या.

४०० एमएमवर पौर्णिमेचा चंद्र एफ/८, आयएसओ १००, १/२५० सेकंदाला मिळतो. खग्रासात उजेड हजारो पटींनी घटतो: एफ/५.६, आयएसओ १६००, १ सेकंद. पण ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर सेकंदभरात चंद्र पाच-सहा पिक्सेल सरकतो, कडा पुसट होते. तेव्हा आयएसओ ३२०० करून अर्ध्या सेकंदावर या. ग्रहण किती गडद होईल हे आधी ठरत नाही. वातावरणात ज्वालामुखीची धूळ असेल तर चंद्र जवळपास दिसेनासा होतो. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर १९९२ च्या डिसेंबरात तसं झालं होतं. म्हणून प्रत्येक वेळी कमीजास्त एक्स्पोजरचे तीन-चार फोटो घ्या. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारं सेटिंग) डेलाइटवर ठेवा, ऑटोवर तांबडेपणा मरतो. फोकस चंद्र उजळ असतानाच मॅन्युअल करून रिंगला टेप लावा.

खग्रास सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळी सावलीच्या कडेला निळसर पट्टा दिसतो. तो ओझोनमुळे येतो. मला तो तांबड्या रंगाहूनही आवडतो, आणि तो निसटतो फार लवकर.

जागेचं म्हणाल तर सम हे जैसलमेरजवळचं पर्यटकांचं गाव टाळा. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या कॅम्पांत दिवे, डीजे, फटाके असतात. पवनचक्क्यांचे लाल दिवेही फोटोत घुसतात. एखाद्या गावातल्या ओळखीच्या माणसाला आधी विचारून जागा बघा. सीमेकडे परवानगीशिवाय जाऊ नका. थंडीत पहाटेपर्यंत थांबलात तर लेन्सवर दव धरतं. जादा बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, आणि वाळूत लेन्स बदलू नका.