हाडं झिजवणाऱ्या पेशींना एकत्र व्हायला सांगतं कोण, आणि इंजेक्शन नेमकं काय अडवतं?

तुम्ही लिहिलंय की ठिसूळ हाडांसाठी आईला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू झालंय आणि ‘ते पेशींना एकत्र होऊ देत नाही’ एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. मी याच पेशींवर प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्ट ही पेशी मुळात रोगप्रतिकारक पेशींच्याच कुळातली, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीची सख्खी बहीण. सुट्या पेशी हाडावर जमतात, एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकं असलेली एक मोठी पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते आणि आम्ल व कॅथेप्सिन-के हे एन्झाइम सोडून हाड विरघळवते.

हे आपोआप घडत नाही. एम-सीएसएफ हा रेणू या पेशींना जगवतो आणि त्यांच्यावरचे रँक नावाचे ग्राही, म्हणजे संदेश पकडणारी प्रथिनं, वाढवतो. मग हाडातल्याच ऑस्टिओसाइटसारख्या पेशींकडून रँकएल हा संदेश येतो. तो रँकला जुळला की आत एनएफएटीसी-१ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि डीसी-स्टँपचं जनुक चालू करतं. डीसी-स्टँप हे पेशींच्या मीलनाला लागणारं प्रथिन. २००५ साली जपानी संशोधकांनी ते नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट झाल्या, पण एकेका केंद्रकाच्याच राहिल्या. हाड त्यांनाही झिजवता येत होतं, फक्त कमी. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो: पेशी घडणं वेगळं आणि एकत्र होणं वेगळं, हे त्यात स्वच्छ दिसलं.

डेनोसुमॅब मात्र डीसी-स्टँपला हात लावत नाही. ते रँकएललाच पकडतं, म्हणजे मीलनाच्या बरंच आधी. शरीराकडेही असं काम करणारं ओपीजी नावाचं प्रथिन असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पारडं रँकएलकडे झुकतं.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. हे औषध हाडात साठून राहत नाही. त्याचा असर ओसरला की संदेश पुन्हा पोचतो आणि झीज आधीपेक्षाही जोरात सुरू होते. काही रुग्णांमध्ये मणक्याचे एकाहून जास्त मणी मोडल्याची नोंद आहे. २०२१ साली उंदरांमध्ये दिसलं की मोठ्या ऑस्टिओक्लास्ट फुटून लहान पेशी होतात आणि त्या पुन्हा एकत्र येऊ शकतात. ही उसळी त्यामुळेही येत असावी. तेव्हा पुढच्या डोसची तारीख आजच लिहून ठेवा. इंजेक्शन थांबवायचं झालंच, तर त्याजागी कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.