बोटीच्या इंजिनाला दुचाकीची गॅप नको

प्रश्न : गोसीखुर्दच्या पाण्यात आमची मासेमारीची बोट चालते. इंजिन १५ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं. जोरात पळवलं तर ठीक चालतं. जाळं सोडताना हळू केलं की मिस मारतं आणि बंद पडतं. प्लग काढावा तर काळा, ओला. प्लगवर बी७एचएस-१० असं लिहिलंय. मिस्त्रीनं हेक्सॉ ब्लेड घालून गॅप बसवली होती.
– एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : गडबड त्या ब्लेडातच आहे. गॅप म्हणजे प्लगच्या मधल्या आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडमधली (धातूच्या टोकांमधली) फट, जिथं ठिणगी पडते. हेक्सॉ ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिमी असते. जुन्या दुचाकींच्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या) इंजिनांना ती चालून जायची, म्हणून मिस्त्रींच्या हाताला तीच सवय. तुमच्या प्लगच्या नावातला शेवटचा १० म्हणजे १.० मिमी गॅप. सध्या ती जवळपास निम्म्यावर आली आहे.

सीडीआय प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची ठिणगी जोरदार असते, पण फार कमी वेळ टिकते. तेवढ्या वेळात तिला पुरेसं मिश्रण गाठता यावं म्हणून गॅप मोठी ठेवतात. गॅप बारीक असली की पेटलेली इवलीशी ज्योत दोन्ही बाजूंच्या धातूला टेकते आणि तिथंच गार होते. हळू चालताना सिलिंडरमध्ये जळलेला धूर बराच उरतो, ताजं मिश्रण कमी असतं, म्हणून खोड आधी तिथंच दिसते. याउलट गॅप जास्त झाली तर इंजिन भरल्या बोटीला जोर लावताना मिस मारतं, आणि ताण ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर येतो.

आता गॅप अशी करा. इंजिन गार होऊ द्या. प्लगभोवतीचा गाळ ब्रशनं झाडा, नाहीतर तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो. मापाला गोल तारेचा गेज घ्या. वापरलेल्या प्लगचा इलेक्ट्रोड झिजून खोलगट होतो. चपटी पत्ती त्या खळग्यावरून आडवी जाते आणि खरी गॅप कमी दाखवते. १.० ची तार किंचित घासत जावी, १.१ ची जाऊ नये. वाकवायचा तो फक्त बाहेरचा, वाकडा इलेक्ट्रोड. मधल्यावर टेका देऊन पेचकस घातला की आतली पांढरी चिनी माती तडकते. ती भेग बाहेरून दिसत नाही आणि प्लग कायमचा गेला.

बसवताना आटे हातानंच पूर्ण फिरवा. मग पान्यानं नवा प्लग अर्धा फेरा, जुना मात्र घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. सिलिंडरचं डोकं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, जास्त आवळाल तर आटे उपटून येतील. दोन्ही सिलिंडरचे प्लग एकसारखेच ठेवा.

तरीही प्लग ओलाच राहिला तर तेल बघा. पुस्तकात ५०:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, १० लिटरला २०० मिली. तेल आउटबोर्डचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. फवारणी पंपासाठी कालवलेलं पेट्रोल बोटीत ओतू नका.

आणि एक कळकळीचं सांगणं : ठिणगी बघायला प्लगची केबल हवेत मोकळी धरून दोरी ओढू नका. उसळलेल्या व्होल्टेजला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय दोन्ही जळू शकतात, आणि बोटीत पेट्रोलची वाफ साचलेली असते. टाकी दूर ठेवा, प्लग टोपीत घालून त्याची कड इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा, मगच ओढा.

प्रश्न : इटियाडोहला आमचं जुनं पॉइंटवालं इंजिन आहे. त्यालाही १ मिमी गॅप ठेवली तर ठिणगी मोठी पडेल का?
– एक वाचक, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नाही. पॉइंटच्या कॉइलमध्ये तेवढा जोर नसतो. गॅप वाढवली की सकाळी गार इंजिन सुरूच होणार नाही. बहुतेक अशा इंजिनांना ०.५ ते ०.६ मिमी लागते, नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तकात बघा. तुमच्याकडे हेक्सॉ ब्लेड अजून चालेल, पण तारेचा गेज तरीही घ्याच.