पाचटाचं कासव आणि नावाची पाटी

प्रश्न : गल्लीतल्या मंडळाची पोरं आणि आम्ही बचत गटाच्या बायका मिळून पंचगंगा घाटावर मोठं कासव करणार आहोत. पाचट, करवंट्या, नदीतली जलपर्णी, जे मिळेल ते वापरून. ते टिकावं म्हणून वरून काय मारावं? आणि पाटीवर नाव मंडळाचं घालायचं की गटाचं, यावरून आत्ताच वाजलंय.
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, वरून काहीही मारू नका. मी शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा पोरांकडून पाचटाचा हत्ती करून घेतला आणि हौसेनं त्याला चकचकीत वार्निश दिलं. पहिल्याच वळवात पाणी फटीतून आत गेलं. आतलं पाचट कुजलं, वरचं कातडं तेवढं उरलं. सोंड धरून ओढली तर हातातच आली. वासाचं तर विचारूच नका. वार्निश लागलेलं ते पाचट खतालाही चालेना.

सांगाडा बुरूडाकडून कामट्यांचा करून घ्या. बांधायला सुतळी किंवा घायपाताचा वाख. निर्माल्यातले झेंडूचे हार घेणार असाल तर दोरा बघा, हल्ली बऱ्याचदा नायलॉनचा असतो, तो कुजत नाही.

जलपर्णीचं मात्र नीट ऐका. तिच्यात शेकडा नव्वदच्या वर पाणीच. ढीगभर ओढून काढाल आणि वाळल्यावर टोपलीभर उरेल, तेव्हा अंदाज चुकवू नका. मुळं छाटा, देठं कडक उन्हात उलटीपालटी करून पार वाळवा, मग त्यांची वेणी घाला. पाय आणि शेपूट झकास होतात. ओली असताना रंकाळा किंवा कळंबा तलावाकडे मुळीच नेऊ नका. तुटका तुकडासुद्धा पुन्हा जीव धरतो.

काम फेब्रुवारीत काढा. ऊसतोड चालू असते, शेतकरी फड पेटवायच्या आत गाठलात तर पाचट फुकट. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो, म्हणून मे संपायच्या आत कासव सोडवून खताच्या खड्ड्यात घाला. महापालिकेची परवानगी आधी.

आता पाटी. जर्मनीतल्या कासेल शहरात योसेफ बॉइस या कलावंतानं १९८२ साली ७००० झाडं लावायला घेतली. प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक खांब, म्हणजे आपला काळा दगडच की! सगळे दगड आधी संग्रहालयासमोर ढीग घालून ठेवले. झाड लागलं की एक दगड हलायचा. काम किती राहिलंय ते ढिगावरून गावाला दिसायचं. बॉइस १९८६ मध्ये वारला, शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलानं लावलं.

तुम्हीही घरोघरच्या करवंट्यांचा ढीग घाटावर घाला. ज्याला कवचावर बसवायचीय त्यानं त्यातली उचलायची. कुणाला नाव लिहायचंच असेल तर करवंटीच्या आत खडूनं लिहू दे. ती पालथीच बसणार आहे.