कॅमेरा आत नेलात, तिथे चुकलं

शिखराचा फोटो काढायला तुम्ही थांबलात, पण तीन दिवस ते ढगात होतं. चौथ्या पहाटे तासभर कुडकुडल्यावर तुम्ही कॅमेऱ्यासकट ऊब घ्यायला खोलीत गेलात, तेवढ्यात ढग फाटले. धावत बाहेर आलात तर लेन्सवर धुकं. "माझा संयम कमी पडला का?" असं तुम्ही मला विचारलंय. अहो, तीन दिवस थांबलात की! संयमाचा काही दोष नाही. चुकलं ते कॅमेरा आत नेणं.

गारठलेला कॅमेरा उबदार, दमट खोलीत नेला की हवेतली वाफ त्यावर बसते, चष्म्यावर बसते तशीच. चष्मा पुसता येतो. लेन्सच्या आतल्या काचा कशा पुसणार? तसाच ओला कॅमेरा कडक थंडीत परत बाहेर काढला तर ते पाणी गोठतं. म्हणून तुम्ही आत जा, कॅमेरा बॅगेत घालून बाहेर आडोशाला राहू दे. न्यायचाच असेल तर बाहेर असतानाच झिपलॉक पिशवीत घालून, हवा काढून बंद करा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका. वाफ मग पिशवीवर बसते. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडली जातेच. (माझ्या हातून गेली आहे.) जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत. थंडीने मान टाकलेली बॅटरी उबेने बऱ्याचदा आणखी थोडे फोटो देते.

माझी फजिती वेगळी. वारा होता, म्हणून सगळे सांगतात तशी ट्रायपॉडच्या हुकाला जड बॅग लटकवली. पुढची चाळीस मिनिटं शिखर गुलाबी, मग केशरी, आणि मी खूश. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर ट्रायपॉडवरचा एकूण एक फोटो किंचित हललेला. बॅग वाऱ्याने लंबकासारखी झुलत होती आणि ट्रायपॉडला हलवत होती! शेवटी निघताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवून हातात धरून काढलेला एकच फोटो धारदार निघाला. बॅग लटकवा, पण तिचा बूड जमिनीला टेकू द्या. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, आणि दर थोड्या वेळाने फोटो मोठा करून तपासा. बर्फ असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, १ ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), नाहीतर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्याचं राखाडी करून ठेवतो.

थांबायचं तेव्हा नुसतं आभाळाकडे बघत बसू नका. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स १९२७ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या कड्याचा फोटो काढायला चढला तेव्हा १२ काचेच्या प्लेटांपैकी (एका प्लेटवर एकच फोटो) त्याच्याकडे दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. मग लक्षात आलं की त्याला हवं तसं काळं, गंभीर आकाश यात येणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला, आणि तोच फोटो गाजला. त्याला कसला फोटो हवा ते ठाऊक होतं. आपण ढग उघडल्यावर लेन्स बदलायला लागतो, तोवर पडदा परत पडलेला.

निघण्याआधी अजून एक पहाट आहे म्हणालात. दुपारपर्यंत ताणू नका. उन्हाने उतार तापले की हवा वर चढते आणि बहुतेकदा माथ्यावर ढग जमतात. आज रात्रीच लेन्स ठरवून लावा, रात्री ताऱ्यांच्या फोटोसाठी आयएसओ वाढवला असेल तर तो खाली आणा, आणि चहा बाहेरच मागवा.