रोड बाईकला वजनाने हलके रिम ब्रेक (चाकाची कड, म्हणजे रिम, दोन्ही बाजूंनी दाबणारे) बसवावेत का? सध्या शिमानो कंपनीचे 105 आहेत.

नका बसवू. पन्हाळा चढताना फायदा होईल म्हणून 200 ग्रॅम कमी करायचेत, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही आणि सायकल मिळून 80 किलो धरा. त्यात 200 ग्रॅम म्हणजे पाव टक्का, 20 मिनिटांच्या चढाला तीन सेकंद. व्यावसायिक शर्यतीतसुद्धा 2000 सालापासून 6.8 किलोच्या खालची सायकल चालत नाही. आपण कुणासाठी ग्रॅम मोजायचे?

आता उताराचं बोलू. माझ्या भाच्यानं असलेच हलके, कोरून पोकळ केलेले कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी आवळणारे ब्रेकचे हात) बसवले होते, आमच्या ग्रुपमधल्या एका जुन्या मित्राच्या सांगण्यावरून. रंकाळ्याभोवती, कोरड्या रस्त्यावर ते चांगले लागायचे. पावसाळ्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरायला लागलो, धुकं आणि वरून धो धो. मागून पोरगं ओरडलं, "मामा, ब्रेक लागंना झालाय!" लिव्हर पार हँडलला टेकलेली. डोंगराच्या कडेच्या चरीत सायकल घातली म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं.

तिथंच सायकल उभी करून मी लिव्हर दाबली. शू (ब्रेकचे रबर) रिमला टेकले, आणि त्यापुढं जितकं दाबावं तितके कॅलिपरचे हात बाहेर फाकत होते. डोळ्यांना दिसत होतं. ओल्या रिमवर शूला आधी पाणी पुसून काढावं लागतं, त्यात चाकाचे एकदोन फेरे जातात. मग कोरड्यापेक्षा जास्त दाब लागतो, आणि नेमका तेव्हाच हाताचा जोर धातू वाकवण्यात जात असेल तर रिमपर्यंत काय पोचणार?

मित्राचं म्हणणं, पावसात सगळेच ब्रेक असे लागतात. मग त्याच पावसात, त्याच उतारावर माझे शिमानोचे अल्टेग्रा ब्रेक कसे लागत होते? घरी आल्यावर भाच्याच्या सायकलचे फक्त कॅलिपर बदलले. चाक तेच, शू तेच, केबल तीच. पुढच्या पावसात पोरगं पन्हाळ्यावरून निवांत खाली आलं. तरी मित्र ऐकत नाही, "केबल सैल असणार" म्हणतो. केबल सैल असली म्हणून कॅलिपरचे हात असे बाहेर फाकतात काय? तुम्हाला हलके ब्रेक सुचवणाऱ्यानं ते लावून पावसात घाट उतरला आहे का, एवढंच त्याला विचारा.

खर्च करायचाच असेल तर केबल आणि आऊटर (केबलवरची नळी) नवीन टाका, कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे शू घ्या, ओल्यात फरक कळतो. पावसातून आलात की शू काढून बघा. तांबड्या चिखलाची कच आणि रिमचे चमकणारे कण त्यात रुतलेले असतात. सेफ्टी पिनेनं टोकरून काढा, नाहीतर रिम खरवडून निघते.

सगळेच हलके ब्रेक वाईट असतात असं नाही. केन क्रीकचे ईईब्रेक हलके असून जोरदार लागतात, पण त्या पैशात बऱ्यापैकी चाकं येतील. आणि शूचं वर सांगितलेलं फक्त अॅल्युमिनियमच्या रिमसाठी. कार्बन रिम असेल तर तिच्या कंपनीनं सांगितलेलेच शू वापरा, आणि लांब घाटात ब्रेक सतत घासत धरू नका, रिम तापते.